जिममध्ये सगळे माझ्याकडेच बघतात?

प्रश्न : जिम लावून महिना झाला. ट्रेडमिलवर चालते आणि घरी येते. मशीनकडे जायचा धीरच होत नाही. चुकलं तर लोक हसतील असं वाटतं. काय करू?

उत्तर : कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाजिरवाणा टीशर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला. जिममध्ये तर समोर आरसा असतो, म्हणजे जो तो स्वतःलाच बघत असतो!

पण नुसत्या समजुतीने भीती जात नाही. खरी अडचण असते ती ‘आता काय करू’ या गोंधळाची. म्हणून घरूनच तीन व्यायाम लिहून न्या : लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं), चेस्ट प्रेस (छातीसमोरून मूठ पुढे ढकलणं), सीटेड रो (बसून मूठ स्वतःकडे ओढणं). प्रत्येकी 10 रेपचे (म्हणजे सलग 10 वेळा) 2 सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. पहिल्या दिवशी गर्दी नसलेली वेळ गाठा आणि ट्रेनरकडून फक्त सीट आणि वजन ठरवणारी पिन लावायला शिका. चेस्ट प्रेसची मूठ छातीच्या मध्यावर यायला हवी. सीट खाली राहिली की मूठ खांद्याशी येते आणि खांदा दुखतो. पिन पूर्ण आत गेली का, ते ओढून बघा. वजन इतकंच, की दहावा रेप झाल्यावरही आणखी दोन-तीन निघाले असते.

मशीनवर कोणी असेल तर ‘किती सेट राहिले?’ एवढं विचारलं की पुरे. धडधड वाढली तर श्वास हळूहळू सोडा, पण लगेच निघू नका. पळालं की भीती पक्की होते.