‘वैविध्यता’ आणि टी-पेशीतला ‘टी’

एका वाचकाने विचारले आहे की, मानवी टी-पेशींच्या (रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ग्राहींमधील, म्हणजे परके अंश ओळखणाऱ्या पेशीपृष्ठावरील प्रथिनांमधील, ‘आनुवंशिक वैविध्यता’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का, आणि टी-पेशीतला ‘टी’ कशाचा.

‘वैविध्यता’ आधी खोडावी. ‘विविध’चे भाववाचक नाम ‘वैविध्य’ तयार असताना त्यावर आणखी ‘ता’ चढवणे म्हणजे टोपीवर पागोटे बांधणे होय. ‘सौजन्यता’ रोज कानांवर आदळते, तीही याच माळेतली.

‘आनुवंशिक’मधली चूक अधिक सूक्ष्म आहे. ग्राहीच्या बीटा नावाच्या प्रथिनसाखळीचे व्ही, डी आणि जे हे जनुकखंड 7व्या गुणसूत्रावर वारशाने येतात हे खरे. परंतु प्रत्येक पेशी घडताना त्यांतला एकेक खंड उचलून जोडते आणि सांध्यावरची डीएनएची काही अक्षरे छाटून काही पदरची घालते. वैविध्याचा मोठा वाटा या सांध्यांचा आहे आणि सांधे वारशाने मिळत नाहीत; एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांचे ग्राहीसंचसुद्धा बव्हंशी निराळे असतात. म्हणून ‘जनुकीय वैविध्य’ म्हणावे.

आता ‘टी’. तो थायमस या छातीतल्या ग्रंथीचा, कारण या पेशी तेथे परिपक्व होतात. मराठी विश्वकोश या ग्रंथीला ‘यौवनलोपी’ म्हणतो. यौवनात लोपणारी, असा विग्रह अभिप्रेत असावा. पण ऐकणाऱ्याला ती यौवनाचाच लोप करणारी वाटते, आणि मुळात ती पुरती लोपतही नाही, वयोमानाने आक्रसते आणि तिच्या जागी चरबी साठते. एवढ्या घाईने तिचा मृत्युलेख लिहिण्याचे कारण काय, हे परिभाषाकारांनीच सांगावे.

त्यापेक्षा ग्रीक नाव पाहावे. ग्रंथीचा आकार थाइम या सुगंधी वनस्पतीच्या कोंबासारखा दिसला, म्हणून ती थायमस, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते आणि मला तीच पटते. थाइमच्या नावामागे धूप जाळून आहुती देण्याच्या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे, आणि संस्कृत ‘धूम’ त्याच धातुकुळातला आहे. प्रयोगशाळेतल्या त्या रुक्ष ‘टी’मागे असा यज्ञाचा धूर निघावा, याचा मला विलक्षण आनंद होतो. थाइमच्या तेलातले थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर पडणारे ‘ओव्याचे फूल’ म्हणजे तेच. मराठी नाव हवेच असेल, तर ‘ओवाग्रंथी’ म्हणावे; मग टी-पेशींना ‘ओ-पेशी’ म्हणावे लागले तरी माझी हरकत नाही.