आधी टॉर्च मारा, मग स्क्रूड्रायव्हर शोधा

जुन्या मॅन्युअल लेन्सबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची ही पानं. या वेळी आलेल्या पत्रांतले निम्मे प्रश्न बुरशीचे आहेत, पावसाळा उलटला की हे ठरलेलंच.

प्रश्न: बाबांनी ऐंशीच्या दशकात घेतलेला झेनिट कॅमेरा कपाटात सापडला, चामडी केससकट. लेन्सवर हेलिओस ४४-२ लिहिलंय. आत काचेवर पांढरं जाळं दिसतंय. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं की फेकून द्या, आणि बाकीच्या लेन्सजवळ ठेवू नका, लागण होते. खरंच फेकायची का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर: ताई, फेकू नका हो! फेकायचीच असेल तर ती चामडी केस फेका, खरा गुन्हेगार तीच. चामडं ओल धरून ठेवतं, आणि तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदच्या आसपास असते, म्हणजे बाबांनी जपून ठेवायचं म्हणून जे केलं त्यानेच बुरशीला घर मिळालं. बिचाऱ्यांची काय चूक, तेव्हा सगळे तसंच ठेवायचे.

आता एक करा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा (स्क्रूसारखी फिरवून निघते, एम४२ माउंट आहे, माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा), अॅपर्चर (पात्यांनी लहान-मोठं होणारं आतलं भोक) पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत जा आणि मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून जरा तिरकं बघा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, तिचा विचारच करू नका, फोटोत ती येत नाही. काचभर दुधासारखा पातळ धूसरपणा दिसला तर तो हेझ, बरेचदा आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसून होतो. आणि झाडाच्या मुळांसारखे, भाताच्या तरव्याच्या मुळांसारखे म्हणा हवं तर, फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. घाबरू नका, टॉर्चमध्ये कुठलीही जुनी लेन्स भयंकरच दिसते.

मग फोटो काढून बघा. खिडकी समोर ठेवून, एफ २ वर, म्हणजे अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. फोटो धुरकट, काळा रंग राखाडी वाटला तर साफ करण्यात अर्थ आहे. जाळं फक्त कडेला असेल आणि फोटो नीट येत असेल तर उघडू नका, नुसती कोरडी ठेवा. कारण बुरशी काचेवर नुसती बसत नाही, ती जे आम्ल सोडते त्याने कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, आणि पुढे काचही खाल्ली जाते. बुरशी पुसली जाते, खाल्लेल्याचा डाग राहतोच, आणि काय खाल्लं गेलंय ते पुसल्याशिवाय कळत नाही.

साफ करायचीच ठरली तर हेलिओस ही शिकायला चांगली लेन्स आहे. झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ २ या जर्मन लेन्सवरून सोव्हिएत कारखान्यांनी बनवलेली, सहा काचा चार गटांत, आत इलेक्ट्रॉनिक काही नाही. पुढच्या नावाच्या रिंगवर रबराचा बूच दाबून फिरवला की ती सुटते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, काचेची कुठली बाजू वर होती ते पेन्सिलने कागदावर लिहा. मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लेन्स टिश्यूवर घ्या, काचेवर थेट ओतू नका, थोडा वेळ ओलसर ठेवून पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हात फिरवा. साडीचा पदर, रुमाल, चष्म्याचं जुनं फडकं यातलं काही नको. बुरशी दोन चिकटवलेल्या काचांच्या मधे असेल तर मात्र ते घरचं काम नाही, तशीच वापरा.

लागण होते हे अर्धंच खरं. बुरशीचे बीजाणू सगळीकडे आहेत, तुमच्या नव्या लेन्सवरही. त्यांना वाढायला ओल लागते, शेजारी नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस-पन्नासच्या मधे राहिला की झालं. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि घरी येऊन तांदळाची खीर करा, त्याचा कोंडा काचेवर बसतो. सिलिका जेल नारंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते तापवून सुकवायला स्वयंपाकाची कढई घेऊ नका.

एक गंमत बघा. लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं वर्ष असतं. ७९ ने सुरू होत असेल तर १९७९ ची.

प्रश्न: दादा, पुण्याच्या जुन्या बाजारात हेलिओस घेतली, काच एकदम क्लीन आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, अडॅप्टर ऑनलाइन मागवला. जवळचं मस्त येतं पण लांबचं काहीच फोकस होत नाही, लेन्स खराब निघाली का? (कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: अरे, लेन्स ठणठणीत आहे, लग्न चुकीच्या घरात लावलंयस. प्रत्येक माउंटचं सेन्सरपासूनचं एक ठरलेलं अंतर असतं. एम४२ चं ४५.४६ मिमी, निकॉन एफ चं ४६.५. म्हणजे अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स एक मिलिमीटर पुढेच बसते, वर अडॅप्टरची जाडी आलीच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला की कसं होतं, तसं. दोन-तीन मीटरच्या पुढचं काही स्पष्ट येणार नाही.

भिंग असलेला अडॅप्टर मिळतो, त्याने लांबचं दिसतं पण ते स्वस्तातलं भिंग फोटोची वाट लावतं, मग हेलिओस कशाला घेतलीस? त्यापेक्षा आहे तशीच पोर्ट्रेटला वापर. एफ २, माणूस दीड मीटरवर, मागे चार-पाच मीटरवर पानंच पानं आणि पानांमधून ऊन, की मागचं सगळं गरगर फिरल्यासारखं येईल, त्यासाठीच तर लोक ही घेतात. फक्त एक, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, गरगर कडेलाच जास्त असते आणि नेमक्या कडाच कापल्या जातात, थोडी कमी दिसेल.

पुढेमागे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतलास तर प्रश्नच मिटला. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी आहे, कुठलीही जुनी लेन्स लांब नळीच्या साध्या अडॅप्टरवर बसते. कॅनन ईएफ ४४ मिमी, तिथेही एम४२ चालते. आणि निकॉनच ठेवायचा असेल तर जुन्या निकॉर (निकॉनच्याच लेन्स) बघ, १९५९ पासून माउंट तोच आहे. तुझ्या बॉडीवर त्या लावल्या की प्रकाश मोजणारं मीटर चालणार नाही, एम (मॅन्युअल) मोडवर ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघत काढायचं, दोन दिवसांत सवय होते. मात्र १९७७ च्या आधीच्या, ज्यांना नॉन-एआय म्हणतात, त्या मित्राच्या डी७००० वर वगैरे ट्राय म्हणून लावू नकोस, बॉडीवरचा छोटा खटका तुटतो आणि मैत्रीही. डी५६०० ला तो खटका नाहीच, तू निवांत.

प्रश्न: सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ घेतली, काच चहासारखी पिवळी आहे. ती रेडिओअॅक्टिव्ह असते असं वाचलं. घरात दोन वर्षांचं मूल आहे, ठेवू का विकू? (टोरांटो)

उत्तर: पिवळी असेल तर वाचलंत ते बरोबर. काचेची अपवर्तनाची ताकद वाढवायला तेव्हा तिच्यात थोरियम ऑक्साइड घालायचे, त्याच्या किरणांनी काच हळूहळू आतूनच पिवळी पडते. या लेन्सचं आठ काचांचं अगदी सुरुवातीचं मॉडेल थोरियमशिवायचं होतं, नंतरच्या सात काचांच्या मॉडेलमध्ये ते आलं. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला काही धोका नाही. मागची काच तासन्‌तास डोळ्याला लावून बसू नका, काच फुटली तर तुकडे हाताळू नका, कुणी ती घासून पॉलिश करून देतो म्हणाला तर नाही म्हणा, कारण भीती खरी त्या धुळीची आहे. आणि मुलाच्या खेळण्यांत ठेवू नका, हे तर कुठल्याही लेन्सला लागू.

पिवळेपणा उन्हाने जातो. लेन्स खिडकीत ठेवा, अॅपर्चर उघडा, एका टोकाला अॅल्युमिनियमची फॉइल लावा, नाहीतर उन्हाचा झोत एकवटून पडदा पेटेल. हे गंमत म्हणून सांगत नाहीये. आमच्याकडे मे महिन्यात काम पटकन होतं, पण लेन्स तापून ग्रीस पातळ होतं. तुमच्याकडे थंडीत ऊन कुठलं, छोटा यूव्ही एलईडी दिवा काचेजवळ लावून काही दिवस ठेवा. पिवळं गेलं म्हणून थोरियम गेलं असं मात्र नाही, त्याचं अर्धायुष्य १४०० कोटी वर्षं आहे.

प्रश्न: १३५ मिमी लेन्सची फोकस रिंग फिरतच नव्हती, शिलाई मशीनचं तेल सोडलं, आता फिरते पण अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय. (नाशिक)

उत्तर: येणारच. पातळ तेल वाट काढत पात्यांवर जातं आणि मग अॅपर्चर बंद व्हायला उशीर करतं. पाती नॅफ्थाने, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या इंधनाने, धुवावी लागतील, तेही खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. पाती कोरडीच चालतात, त्यांना वंगण द्यायचं नसतं.

आणि रिंगचं वाळलेलं ग्रीस काढायला आटे पूर्ण उघडायची वेळ आलीच तर दोन भाग ज्या क्षणी सुटतात त्या जागी सुईने खूण करा. मी केली नव्हती. माझीही १३५ च होती, आटे एकाच वेळी बऱ्याच जागी बसू शकतात हे मला माहीतच नव्हतं, बसवली आणि बघतो तर समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फोकसमध्ये येईना. रोज जेवण झाल्यावर एक जागा, परत उघड, परत बसव. सहाव्या रात्री टाकीवरची अक्षरं वाचता आली. बायको म्हणाली, नुसतं जाऊन वाचून आला असतास की.

प्रश्न: मिररलेसवर जुनी लेन्स लावली, शटरच उडत नाही. (ठाणे)

उत्तर: कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय असतो, तो ऑन करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावरचा मिमीचा आकडा, हाताने भरा, लेन्स बदलली की तोही आकडा बदला, मी दर वेळी विसरतो.