पहिली कादंबरी लिहून तयार आहे, प्रकाशक ४५ हजार रुपये मागत आहेत. भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सत्तर हजार शब्दांची कादंबरी लिहून झाली आहे. एक प्रकाशक म्हणतात, ४५ हजार भरा, तीन महिन्यांत पुस्तक हातात देतो. १५ तारखेच्या आत भरले तर पाच हजारांची सूट. तर भरावेत का, आणि पहिलं पुस्तक येईपर्यंत नेमकं काय काय होतं?

भरू नका. निदान आत्ता तरी नकोच. मी २०१६ साली भरले होते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

मी सोलापूरची. एका पतसंस्थेत हिशेब बघते. लहानपण शहराच्या पूर्व भागात गेलं. तिथे घराघरांत तेलुगू बोलतात, आतल्या खोलीत माग खडखडत असतो आणि दारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. त्या बायकांवर मला लिहायचं होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात सुरुवात केली. रोज रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास. २०१६ च्या फेब्रुवारीत शेवटचं पान लिहिलं. त्या रात्री झोप लागली नाही, तुमचंही तसंच झालं असेल. मला वाटलं काम संपलं, आता फक्त छापायचं राहिलं.

पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांना संहिता पाठवली. एकीकडून दोन ओळींचा नकार आला, दोघांकडून काहीच नाही. आठ महिने वाट पाहिली. मग चौथे भेटले. नवीन लेखकाला वाचक नसतो, थोडा भार तुम्ही उचला, असं ते फार आपुलकीनं बोलले. मी २० हजार आगाऊ दिले. पुढचं वर्षभर कधी कागदाचे भाव वाढले होते, कधी मुखपृष्ठ चित्रकाराकडे अडकलं होतं, आणि शेवटी फोन उचलणंच बंद झालं. हातात एक पावती, बाकी काही नाही. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण वर्षभरानंतर एक गोष्ट लक्षात आली ती जास्त लागली : त्यांनी मला कादंबरीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. ती त्यांनी वाचलीच नव्हती. तुमच्या प्रकाशकांनी तुमच्या एखाद्या पात्राचं नाव तरी घेतलं का, आठवून बघा.

मग मी ती कादंबरी बासनात गुंडाळून ठेवणार होते. शेजारच्या अम्मांनी एकदा विचारलं, "आमच्यावर लिहिलीस म्हणे, वाचून दाखव की." त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पन्नास वर्षं विड्या वळल्या त्यांनी. मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. पहाटे नायिका तेंदूच्या पानांचा पुडा सोडते आणि कात्रीनं पानं कापायला बसते, अशी सुरुवात होती. अम्मांनी तिथेच थांबवलं. "कोरडं पान कापलं तर चुरा होतो की! रात्री भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळी मऊ होतं, मग पत्र्याचा साचा वर ठेवून कापायचं."

मी हे रोज बघत मोठी झाले होते, तरी लिहिताना सुटलं होतं. आणि चूक पानापुरती नव्हती. पान जर रात्री भिजवायचं, तर त्या बाईचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. सगळे झोपल्यावर ती बादलीशी बसलेली असते, हाताला पानाचा वास घेऊनच आडवी होते. माझ्या कादंबरीत ही रात्र कुठेच नव्हती. ती आली आणि पहिलं प्रकरण मुळातून बदललं, त्याच्यामागून तिसरं आणि नववं. पुढचे सहा महिने मी अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचली, काही भाग अम्मांना, काही त्यांच्या सुनेला. जिथे त्यांचं लक्ष सूपाकडे वळायचं तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. एकाहत्तर हजार शब्दांचे अठ्ठावन्न हजार झाले. तुमची कादंबरी कशावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण ज्यांच्यावर आहे त्यांच्यातल्या एकाला तरी ती ऐकवा, आणि ती ऐकवून होईपर्यंत प्रकाशकाला फोन करू नका.

प्रकाशकापर्यंत पोचायची आपल्याकडे एक चांगली वाट आहे, दिवाळी अंकाची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवे लेखक या दारातून आत येत आले आहेत. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यापासूनच सुरू होतं, त्यामुळे दसऱ्याला पाठवून उपयोग नसतो. मी २०१८ च्या मे महिन्यात एक प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं बेतून पाठवलं. ते छापून आलं, एक हजार रुपये मानधन मिळालं, आणि डिसेंबरात एका प्रकाशनाच्या संपादकांचा फोन आला : "ही कथा नाही, हा कशाचा तरी तुकडा आहे. पुढचं आहे का?"

संपादक हा शब्द मी तोवर मासिकांपुरताच समजत होते. पुस्तकालाही संपादक लागतो. मराठीत ही परंपरा मोठी आहे. 'मौज' प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिकाच्या श्री. पु. भागवतांनी लेखकांच्या संहितांवर किती बारकाईनं काम केलं हे अनेक लेखकांनी लिहून ठेवलं आहे. आता इतका वेळ देणारे थोडे उरलेत, पण आहेत. माझ्या संपादकांनी अकरा पानं टिपणं पाठवली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे : "सातव्या प्रकरणात माग विकला, त्याचे पैसे कोणाच्या हातात आले?" मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवते आणि माझ्या कादंबरीत सगळ्यात मोठी रक्कम हिशेबाबाहेर राहिली होती. ते पैसे शोधायला बसले तेव्हा कळलं की ते सासऱ्याकडे गेले आणि नायिकेला कोणी सांगितलंच नाही. तिथून पुढची चाळीस पानं नव्यानं लिहावी लागली, आणि तीच पानं लोक आज मला भेटून बोलून दाखवतात. ४५ हजार भरून तीन महिन्यांत पुस्तक निघालं असतं तर हा प्रश्न मला कोणी विचारला असता?

आता पैशांचं, कारण तेही समजून घ्यायला हवं. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात एका फॉर्मची, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या कागदाची, सोळा पानं होतात. तुमचे सत्तर हजार शब्द म्हणजे साधारण २५६ पानं, सोळा फॉर्म. समजा किंमत ३०० रुपये. त्यातले ३५-४० टक्के, कधी त्याहून जास्त, विक्रेत्याला आणि वितरकाला जातात. लेखकाचं मानधन बहुधा दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. उरलेल्यात कागद, छपाई, बांधणी, डीटीपी (संगणकावरची पानजुळणी), मुद्रितशोधन (छापण्याआधी चुका काढणं), चित्रकार आणि गोदामात पडून राहणाऱ्या प्रती. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशेची सर्रास निघायची, आता नव्या लेखकाची पाचशेची, कधी तीनशेचीही निघते. प्रकाशक नव्या माणसाला घाबरतो तो या हिशेबामुळे, आणि ते मी समजू शकते. पण मग त्यानं तसं सरळ सांगावं. लेखकाकडून पूर्ण छपाईखर्च वसूल करून वर 'आम्ही तुमची निवड केली आहे' असं म्हणू नये.

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. काढायचं तर उघडपणे स्वतः काढा. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते आणि लेखक स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. प्रकाशकांनी तुम्हाला खर्चाची यादी दिली असेल आणि तिच्यात 'आयएसबीएन नोंदणी'चे वेगळे पैसे लावले असतील तर तिथेच सावध व्हा. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही काढता येतात. चांगला मुद्रितशोधक मात्र स्वतः शोधा आणि त्याला नीट पैसे द्या.

आणखी एक दार आहे, त्याची माहिती फार जणांना नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच ती आहे आणि त्यात कादंबरीही बसते. संहिता तज्ज्ञांकडे जाते, पसंत पडली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. अर्जाची मुदत जाहीर होते, मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा कवितासंग्रह यातूनच आला.

कोणाकडूनही छापा, पण करारनामा वाचल्याशिवाय सही करू नका. मी दुसऱ्या वेळी ओळखीच्या वकीलबाईंकडे बसून वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो आपोआप संपतो. माझ्या त्या पावतीवर असं काहीच नव्हतं, म्हणून निदान हक्क तरी माझ्याकडेच राहिले. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, प्रत्येकाचं वेगळं कलम मागा. 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे' अशी ओळ दिसली तर ती खोडून घ्या, नाहीतर उठून या.

प्रूफांबद्दल, म्हणजे छापण्याआधी तपासायला येणाऱ्या पानांबद्दल, थोडं जास्त सांगते. पहिली प्रूफं आली ती २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या चार दिवस आधी. मी टाइप केलेला युनिकोडमधला मजकूर छपाईच्या त्यांच्या फाँटमध्ये बदलताना 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र जागोजाग फुटला होता. ते बघून दुरुस्त करता येतं. खरं दुखणं वेगळं होतं. मुद्रितशोधकांनी माझ्या बायकांच्या बोलण्यातला 'की' काढून टाकला होता. 'येते की', 'बस की जरा', 'दिले की पैसे'. सोलापुरात 'की'शिवाय वाक्य संपत नाही. पण नियमानं तो जास्तीचा दिसतो, म्हणून लाल शाईनं कापलेला. मी मोजले, दोनशे चौदा. ते गृहस्थ त्यांचं काम चोख करत होते, निवेदनातल्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या शेकडो चुका त्यांनीच काढल्या. मी त्यांना फोन केला, दोन पानं वाचून दाखवली, आधी 'की' काढून आणि मग 'की' ठेवून. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परत घालतो सगळे." तर तीन वेळा प्रूफं स्वतः वाचा, आणि संवाद कोणालाही परस्पर 'शुद्ध' करू देऊ नका. नियम कुठे चालतील आणि कुठे नाही याचं एक पानाचं टिपण संहितेबरोबरच द्या. माझा तो फोन त्यामुळे वाचला असता.

पुस्तक २०२१ च्या नोव्हेंबरात आलं. पाचशे प्रती. पहिल्या वर्षी ३१२ विकल्या गेल्या, प्रतीमागे २८ रुपयांप्रमाणे ८,७३६ रुपये मानधन आलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रती सार्वजनिक ग्रंथालयांनी घेतल्या. नव्या लेखकाला हाच मोठा आधार असतो, म्हणून आपल्या तालुक्याच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा, एक प्रत द्या. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, तिथे प्रवेशिका पाठवायला विसरू नका. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे.

तर १५ तारीख जाऊ द्या. त्यांचा फोन आला तर दोनच गोष्टी मागा : कोरा करारनामा, आणि तुमच्या कादंबरीवर त्यांच्या संपादकांनी लिहिलेलं एक पानाचं टिपण. टिपण आलं आणि ते वाचून तुम्हाला एखादं प्रकरण पुन्हा लिहावंसं वाटलं, तर मला इथेच कळवा. मग करारनामा आपण दोघं मिळून ओळ न् ओळ वाचू.