ठिपक्यामागे धावणारी नजर

प्रश्न: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. संशोधनासाठी त्याला पडद्यावरचा हलता ठिपका बघायला लावला, डोक्याला तारा लावून ‘टक-टक’ ऐकवलं. आता मलाही बोलावलंय. मी कशाला? – एक बहीण, सातारा

उत्तर: ताई, त्या तारा शॉक देत नाहीत, मेंदूतले विजेचे सूक्ष्म तरंग फक्त टिपतात. तेल लावून मात्र जाऊ नका. तारा चिकटवायला लावलेली जेल माझ्या केसांतून दोन दिवस निघाली नव्हती!

ठिपक्यामागे नजर सहसा अलगद सरकते. या आजारात अनेकांची मागे पडते, मग उडी मारून गाठते. डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी हे १९०८ मध्येच नोंदवलं होतं. दोन ‘टक’मध्ये साधारण अर्धा सेकंद असतो, दुसऱ्याला मेंदू एरवी ‘ऐकलंय की!’ म्हणत कमी दाद देतो. आजारात ही गाळणी बऱ्याचदा सैल पडते. निरोगी भावंडांतही याच्या खुणा कधीकधी सापडतात, म्हणून तुम्हाला बोलावणं. यावरून तुमचं निदान कोणी करणार नाही.