प्रार्थना कर, आणि ग्रामसभेलाही जा

प्रिय पोरी,
प्रभूमध्ये सलाम.

तुझी चिठ्ठी मिळाली. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी सांगितलं, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, विश्वासणाऱ्यांनी मतदानाच्या भानगडीत पडू नये. मग मतदार यादीत नाव नोंदवू की नको, असं तू विचारतेस. नोंदव.

ते वचन प्रेषित पौलाचंच, फिलिप्पै नगरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं. पण त्याच फिलिप्पैत त्याला चौकशीवाचून फटके मारून कोठडीत टाकलं होतं. सकाळी अधिकारी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, स्वतः येऊन बाहेर न्या म्हणाला. पुढे त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. स्वर्गाची आशा धरली म्हणून इथला हक्क सोडावा, असं त्याला कधी वाटलं नाही.

आपल्या वर्ध्याचंच बघ. 1934 साली गांधीजींच्या पुढाकारानं ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत राहून त्याचा कारभार ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी पाहिला. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळेल ते सगळं. स्वातंत्र्यासाठी ते तुरुंगात गेले आणि तिथं येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. त्यांची भक्ती आणि त्यांचं गावाचं काम वेगळं काढताच येत नाही.

गावात आपली ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याएवढी, आपल्या मतानं सरपंच ठरत नाही, हे तुझे बाबा म्हणतात ते खरं. म्हणून तर मी ग्रामसभेचं एवढं सांगते. तिथं 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा भरला की गणपूर्ती होते, म्हणजे सभेला लागते तेवढी हजेरी भरते. तेवढेही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. आपण त्या दिवशी कुठं असतो?

दफनभूमीच्या रस्त्याचा अर्ज आपण देतोच. पावसाळ्यात शवपेटी खांद्यावर घेऊन चिखल तुडवायचा, म्हणजे तो द्यायलाच हवा. पण नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया उन्हाळाभर डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन वावरातल्या विहिरीवर जातात, त्यांच्या पाण्यासाठी आपल्या मंडळीतलं कोणी आजवर उभं राहिलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांनाही यिर्मया संदेष्ट्यानं कळवलं होतं, ज्या नगरात राहता त्याचं हित पाहा. तिथं तर सगळे परके होते. इथं त्या बाया तुझ्या आईबरोबर कापूस वेचतात.

मत कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, पाळकांनीही सांगू नये. उपासनेची जागा प्रचाराला वापरायची नाही, हा आचारसंहितेचाही नियम आहे. मतदानाच्या आदल्या रात्री पैशाचं पाकीट आलं तर परत कर. नापिकीच्या वर्षी ते किती जड जातं, मला ठाऊक आहे. तरी परत कर.

नाव नोंदवायचा अर्ज, नमुना 6, भर. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण होतील ती धरतात. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो घेऊन बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. आणि ग्रामसभेआधी पाण्याचा अर्ज लिही. पलीकडच्या बायांना वाचून दाखव, त्या म्हणतील ते घाल, सह्या-अंगठे घे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, ज्याला आधी ग्रामसेवक म्हणत त्याच्याकडून, पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

तुझी,
शब्बाथ शाळेतली बाई