वाचक विचारतात : सर्व्हरची यादी मोठी की धीर?

प्रश्न : एलपीआयसी-१ ही लिनक्सची प्रमाणपत्र परीक्षा पास झाले. आता एलपीआयसी-२ ची विषयांची यादी बघूनच पोटात गोळा आला. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, यादी वरून खाली वाचूच नका. प्रत्येक घटकापुढे वजनाचा आकडा असतो, तो आधी बघा. २०१ आणि २०२ असे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. वजन जास्त तिथे प्रश्न जास्त. रेडला (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) ३, तर सर्व्हरवरचा ताण मोजून अडचण शोधण्याला ६.

हे ६ उगाच नाहीत. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात ऐन मे महिन्यात बिलिंग रखडलं. मालक नवी हार्डडिस्क आणायला निघालेच होते. मी व्हीएमस्टॅट ही मेमरीचा वापर दाखवणारी कमांड लावली, तर एसआय-एसओ हे स्वॅपचे (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) दोन्ही रकाने सतत हलताहेत. कमी पडत होती रॅम! (डिस्कचे पैसे वाचले, चहा मात्र मलाच पाजावा लागला.)

डीएनएस, मेल, वेब हे सगळं दुसऱ्या पेपरात, ते नंतर. रेडसाठी दोन जुने पेनड्राइव्ह घ्या, एमडीएडीएम या कमांडने रेड-१ मध्ये (दोन्हींवर तीच प्रत) जोडा, फाइल ठेवा आणि एक खुशाल उपटा; फाइल दुसऱ्यावर शाबूत दिसेल.