हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या वहीत ‘१२३४५६७८९८७६५४३२१ ही हर्षद संख्या आहे’ असं वाक्य आहे. संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा’ नको का? आणि हा हर्षद कोण?

ताई, हर्षद हा कुणी माणूस नाही. हर्ष देणारी म्हणून हर्षद. नाव ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवत होते ते. शेवटचा ‘द’ म्हणजे देणारा. वरद, सुखद, दुःखद, सगळीकडे तोच. जलद म्हणजे पाणी देणारा, ढग. (जलद गाडीतला ‘जलद’ वेगळा. तो फारसीतून आला, ढगाशी त्याचं नातं नाही.)

संस्कृतच्या नियमानं स्त्रीलिंगी रूप हर्षदा होतं, हे तुमचं बरोबर. नर्मदा तशीच झाली: नर्म म्हणजे आनंद, तो देणारी. पण मराठीत आपण अशा विशेषणांना लिंग लावत नाही. ‘सुखदा आठवण’ किंवा ‘दुःखदा बातमी’ कुणाच्या तोंडी येते का? म्हणून वहीतलं ‘हर्षद संख्या’ हेच योग्य. हर्षदा हे मुलीचं नाव म्हणून छान.

आता हर्ष कसला, ते बघा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो, ती हर्षद. नाशिकचा पिनकोड ४२२००१ घ्या. बेरीज ९, आणि भागाकार बरोबर ४६८८९. तुमच्या नाशिकरोडचा ४२२१०१ मात्र हुकतो. बेरीज १०, शेवटी शून्य नाही, मग भाग जाणार कसा?

वहीतल्या मोठ्या संख्येत चढत्या एक ते नऊची बेरीज ४५, उतरत्या आठ ते एकची ३६, मिळून ८१. भाग जातो का, हे सतरा अंकी भागाकार न मांडताही कळतं. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. नऊ एकक्यांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ नं भाग जातो. मग वर्गाला ८१ नं जाणारच. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, तेही १२३४५६७९ चा वर्ग! मला हे दर वेळी नव्यानं आवडतं.

मुलीला एक गोष्ट जरूर करायला सांगा: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं घेऊन ही संख्या मोठ्यानं वाचायची. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी… तिथून पुढे आपल्या रोजच्या ओळखीचे लाख-हजार. आणखी एकच अंक डावीकडे आला असता, तर परार्ध म्हणावं लागलं असतं.